पिन देवघरात होती

मंडळी, आज दुपारी माझा हात वाचला. अजून काहीच वाटत नाहीये, म्हणून लिहितोय.

भंडारदऱ्याला माझी छोटी शिडाची होडी आहे. तिच्या पोटाखाली जड लोखंडी पातं असतं. उथळ पाण्यात हँडल फिरवून ते तारेने वर ओढायचं. ग्रीस लावताना ते खाली घसरू नये म्हणून आडवी पिन घालतात.

आज पातं वर घेतलं. होड्या सांभाळणाऱ्या सोमनाथदादांनी विचारलं, "सर, पिन हाय ना जागेवर?"

मी न बघताच "हाय" म्हणालो आणि पातं ज्या फटीतून वर-खाली होतं, तिच्यात हात घातला. ग्रीस संपलं म्हणून डब्याकडे वळलो, तेवढ्यात तार तुटली. पातं धाडकन खाली गेलं. फटीत ठेवलेलं फडकंही गेलं.

मी होडी झाकली, चहा घेतला, घरी आलो.

पिन देवघरात होती. खंडेनवमीला मीच ती घासूनपुसून पूजेला मांडली होती. वर हळदकुंकू, सुकलेला झेंडू. बायको म्हणाली, "दसरा होऊन चार दिवस झाले, उचला की तुमची हत्यारं."

तिला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही पूजेला मांडलेलं सगळं परत जागेवर गेलं का? एकदा बघून या.