नूरचा देश

शिलाई मशीनवर मान खाली घालून बसलेल्या म्हाताऱ्यासमोर लोक मोकळेपणी बोलतात. त्यामुळे माझ्याकडे गोष्टी साठत जातात. जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखमध्ये लेकीकडे राहतो. चौथी शिकलेला शिंपी मी. दर शनिवारी इथल्या हॉलमध्ये शेजारपाजारचे फाटके कपडे शिवून देतो. सोबत नात सई असते, जर्मन समजावून सांगायला. शेजारच्या मशीनवर लेबनॉनची सलमा बसते. मला ‘अम्मो’ म्हणते, म्हणजे काका.

*

सलमाची मुलगी नूर सोळा वर्षांची. पहिल्याच दिवशी मी आपल्या सवयीनं विचारलं, “गाव कोणतं, बाळ?”

सई म्हणाली, “आजोबा, ती म्हणते, आई लेबनॉनची. ती स्वतः कुठलीच नाही.”

नीट विचार, म्हणून मी सईलाच दटावलं. मग सलमानं सांगितलं. त्यांच्याकडे नागरिकत्व बापाकडून येतं. नूरच्या वडिलांना कुठलाच देश नव्हता, आणि आता तेही नाहीत. “हिला माझं नाक मिळालं, माझा राग मिळाला. पासपोर्ट तेवढा नाही मिळाला.”

*

त्या संध्याकाळी सईनं स्वतःचा पासपोर्ट मागितला. शेवटच्या पानावर वडिलांच्या नावाखाली आईचं नाव होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. मग मी माझा काढला. तिथं माझ्या आईचं नाव होतं. इतकी वर्षं पासपोर्ट बाळगला, ते पान कधी वाचलं नव्हतं.

*

नूरचा वर्ग लंडनला गेला. पासपोर्टऐवजी मिळालेल्या तिच्या करड्या कागदावर व्हिसा वेळेत मिळाला नाही. त्या शनिवारी ती माझ्याजवळ बसून जुन्या चेनी उसवत राहिली. मैत्रिणींनी येताना तिच्यासाठी लंडनचा बिल्ला आणला. तिनं तो आईच्या पिशवीला लावून टाकला. म्हणाली, “तुझ्याकडे पासपोर्ट आहे. तूच जाऊन ये.”

*

सलमाच्या भावाची बायको परदेशी. तिला लेबनॉनचं नागरिकत्व मिळाल्याचा फोन आला. सलमानं मनापासून अभिनंदन केलं, फोन ठेवला, सुई ओवली.

“भावजय आमच्या घरी येऊन दोन वर्षं झाली, अम्मो,” ती म्हणाली. “नूर माझ्याकडे जन्मापासून आहे.”

*

नूरनं जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. सलमा रोज पत्रपेटी बघायची. शेवटी बोलावणं आलं. सोबत घरातलं वडीलधारं कुणी हवं असं सलमाला वाटलं, म्हणून ती मला आणि सईला घेऊन गेली. मी इस्त्रीचा सदरा घातला.

टेबलापलीकडच्या बाईंनी नूरच्या हातात प्रमाणपत्र दिलं, अभिनंदन केलं, आणि काही विचारायचं आहे का, असं म्हटलं.

नूरनं कागद दोनदा वाचला. मग हळूच विचारलं. सईनं माझ्या कानात सांगितलं.

“हे नागरिकत्व मला आता माझ्या आईला देता येईल का?”

बाईंनी समोरची फाईल सरळ केली. ती सरळच होती.