वेबसाइट वाढणारे साडू

वेबसाइट करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण वेबसाइट वाढणारा माणूस पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. म्हणजे आमचे थोरले साडू. राहायला दहिवलीला. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत ते कर्जत-खालापुरातल्या लग्नांत जेवणावळीची कंत्राटं घेत. पाचशे पानांची पंगत बसवायची आणि भात निवायच्या आत शेवटच्या पानापर्यंत वरण पोचवायचं, यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. मग बुफे आला. लोक हातात ताट घेऊन आपलं आपण वाढून घेऊ लागले आणि साडूंचं राज्य एका हंगामात खालसा झालं. दुसऱ्या कुणी हॉटेल काढलं असतं. यांनी कॉम्प्युटरचा वर्ग लावला. वर म्हणाले, "मास्तर पयल्याच दिवशी बोलला, वेबसाइट म्हंजे नुसती पानं. मी बोललो, पानं तर आपण जन्मभर मांडली."

तेव्हापासून त्यांच्या धंद्यात पान 'लोड' होत नाही, वाढलं जातं. मजकूर म्हणजे भात, फोन नंबर म्हणजे मीठ आणि फोटो म्हणजे जिलबी. मीठ पहिलं, जिलबी शेवटी, हा क्रम प्रत्यक्ष ब्रह्मदेव गिऱ्हाईक म्हणून आला तरी मोडायचा नाही. खालापूरच्या एका फार्महाऊसवाल्याला वेबसाइट उघडताच धबधबा पडलेला हवा होता. साडू त्याला म्हणाले, "शेठ, बसल्या बसल्या जिलबी वाढली तर माणूस भात कवा खाणार?" शेठ दुसरीकडे गेला. त्याचा धबधबा आता दोन मिनिटांनी पडायला लागतो असं ऐकतो. तोवर गिऱ्हाईक माथेरानला पोचलेलं असतं.

मी भिवपुरीला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहतो. साडू महिन्यातून दोनदा तरी आमच्याकडे येतात, आणि पहिली काही वर्षं माझी समजूत होती की ते मला भेटायला येतात. ते येतात आमच्या मागच्या पडवीतल्या रेंजसाठी, म्हणजे तिथे ती नसते म्हणून. डोंगराच्या आडोशाला कधी एक दांडी, कधी तीही नाही. काच तडकलेला एक जुना फोन हातात धरून ते पडवीत उभे राहतात आणि तृप्त होऊन म्हणतात, "भाऊ, तुमच्याकडं रेंज काय सुंदर खराब हाय! आमच्या दहिवलीला असलं सुख नाय." इथे जे पान वाढलं जातं ते जगात कुठेही वाढलं जातं, असा त्यांचा सिद्धांत आहे. नवी वेबसाइट सुरू करायची तीही पंगत बसवूनच. अंगणात सतरंजी, तिच्यावर आपापले फोन घेऊन एका ओळीत मांडी घालून बसलेले शेजारीपाजारी, आणि मागून वाकून वाकून बघत चाललेले साडू. "मावशे, तुझं पान आलं का गं? उठू नको, बस. कोणाचं रिकामं हाय?" एकाचं जरी रिकामं निघालं तरी वेबसाइट परत स्वयंपाकघरात. न सापडणाऱ्या पानाच्या जागी जगभर ४०४ असा एक कोरडा आकडा दिसतो; साडूंच्या वेबसाइटवर दिसतं, "हे पान उचललं आहे. दुसरं मांडतो. घाई असल्यास फोन करा." खाली त्यांचा स्वतःचा नंबर. आणि लोक करतात फोन! आमच्याकडे जेवायला बसले असताना त्यांनी कुणा अनोळखी बाईंना एका मंगल कार्यालयाचं भाडं, पार्किंग आणि न्हाणीघरांची संख्या तोंडपाठ सांगितलेली मी ऐकली आहे. फोन ठेवून म्हणाले, "बाई उपाशी गेली असती."

अलीकडे मात्र दुसरा बुफे आला. कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं की तोच पाच मिनिटांत वेबसाइट काढून देतो, आणि साडूंची गिऱ्हाइकं एकेक करून पुन्हा आपलं आपण वाढून घेऊ लागली. अशात खालापूरकडच्या एका रिसॉर्टनं त्यांना नोकरी देऊ केली. हुद्दा भोजनगृहाच्या व्यवस्थापकाचा. काम बुफेच्या टेबलाशी उभं राहून रिकामी झालेली भांडी भरून घेण्याचं. येत्या सोमवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. मेव्हणीबाई, माझी बायको, सासरे आणि मी, आमच्या कुटुंबात प्रथमच चार माणसांचं एकमत झालं की नोकरी घ्यावी. साडू म्हणाले, "शनिवारी आमच्या धंद्यातली लोकं जमणार हायत. त्यांच्यात जाऊन बघतो. तितं पण वाटलं का आपलं काम नाय, तर सोमवारी गप टेबलापाशी जाऊन उभा राहतो." हे त्यांनी हसत सांगितलं, पण चहा तसाच ठेवून गेले.

ही जमणारी लोकं म्हणजे वेब डेव्हलपर. मुंबई-पुण्याच्या मंडळींची परिषद खोपोलीच्या अलीकडे एका मोठ्या हॉलमध्ये भरणार होती. साडूंनी तिचा इंग्रजी फॉर्म महिन्यापूर्वीच भरला होता. त्यात 'स्पीकर' म्हणून एक चौकोन होता. आता आमच्या भागात साखरपुडा असो, वाढदिवस असो, 'स्पीकर तुमचा का आमचा?' हा पहिला प्रश्न असतो. लोक लांबून येणार, आपण इथले, म्हणून साडूंनी मोठ्या मनानं चौकोनात खूण केली आणि खालच्या ओळीत तपशील लिहिला: 'दोन, पंधरा इंची, स्टँडसकट.' आठ दिवसांनी अभिनंदनाचा मेल आला. साडू म्हणाले, "पसंत पडले त्यांना." मग मंडपवाल्या मित्राचे स्पीकर त्याच्याच टेंपोत घालून, सोबतीला मला घेऊन, ते शनिवारी सकाळी परिषदेला निघाले.

दारात गळ्यात ओळखपत्रं घालणारी एक हसरी मुलगी होती. नाव ऐकून ती म्हणाली, "सर, तुम्ही आमचे स्पीकर ना?"

"हो," साडू म्हणाले. "टेंपोत हायत."

मुलगी आणखी हसली. सर विनोदी आहेत अशी तिची खात्री झाली आणि तिनं आम्हाला फलकापाशी नेलं. तिथे वक्त्यांच्या यादीत साडूंचं नाव होतं, वेळ सकाळी साडेअकराची, आणि व्याख्यानाचा विषय इंग्रजीत छापलेला: 'दोन, पंधरा इंची, स्टँडसकट.' डेव्हलपरच्या टेबलावरच्या दोन स्क्रीनवरून आधुनिक जीवनावर केलेलं हे भाष्य असावं, असं निवड करणाऱ्यांना वाटलं होतं. शहाण्या माणसांना न कळलेली गोष्ट फार खोल वाटते.

साडूंचा चेहरा पिठासारखा झाला. "भाऊ, मी तर ऐकायला आलतो." मी म्हटलं, टेंपो अजून तोंड वळवून उभा आहे, निघू. ते वळलेसुद्धा. पण हॉलचं दार उघडं होतं आणि आत दोन-अडीचशे माणसं ओळीनं बसलेली दिसली. साडू थांबले. "बसलीत रं ही सगळी," ते स्वतःशीच म्हणाले. "बसलेल्या माणसांना टाकून जाता येत नाय." आणि आत गेले.

व्यासपीठावर ते उभे राहिलेच नाहीत. माईक घेऊन सरळ खाली उतरले आणि मराठी, हिंदी, जमेल तसं इंग्रजी मिसळून म्हणाले, "सगळ्यांनी फोन काढा. आपापलं काम उघडा. जे केलंय त्यातलं सगळ्यात चांगलं." फोन निघाले. घाटाखालची रेंज, त्यात एवढी माणसं. सगळीकडे नुसती चक्रं फिरू लागली. साडू ओळींच्या मागून वाकून बघत निघाले. "तुमचं पान रिकामं. साहेब, तुमचं पण. ताई, तुमची जिलबी आली, भात कुटाय?" पहिल्या ओळीतले हसू लागले, मग सगळा हॉल. मग त्यांनी स्वतः केलेल्या, भिसेगावच्या एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटचा पत्ता टाकायला सांगितला. माणसं टाकत गेली आणि कुठून कुठून आवाज येऊ लागले, "आलं, आलं." मी बोलणाऱ्याचा नातेवाईक म्हणून कोपऱ्यात अंग चोरून बसलो होतो, तो नीट बसलो.

जेवण अर्थात बुफे होतं. साडूंच्या ताटात काही पडलं असेल असं मला वाटत नाही, कारण त्यांच्याभोवती पोरांचा आणि पोरींचा गराडा होता. फोटो एवढा हलका कसा करता, आधी मजकूरच दिसेल हे कसं साधता, जुन्या फोनवर कसं तपासता. साडू एका हातात रिकामं ताट धरून दुसऱ्या हातानं हवेत पानं मांडून दाखवत होते.

परतताना टेंपोत पुढे आम्ही तिघं, मंडपवाला मित्र, साडू आणि मी. पळसदरी गेल्यावर मी विचारलं, "मग सोमवारचं काय?"

"नाय जायचं."

"काम देतो म्हणालं का कोणी?"

"काम कोण देतंय?" ते म्हणाले. "भाऊ, घरात, गावात इतकी वर्सं सगळी मला इचारतात, तुमी हे कशाला करता. आज एवढी लोकं भेटली. एकानं पण नाय इचारलं, कशाला. सगळी इचारत व्हती, कसं."

घरात, गावात विचारणाऱ्या सगळ्यांत मी होतो, बहुधा सगळ्यांच्या पुढे. साडूंनी नकार कळवला. कामं आता आणखी कमी झाली आहेत. नोकरी नाकारली ती चूक, असं सासरे अजून म्हणतात, आणि व्यवहारानं पाहिलं तर ते बरोबर असतील. मला त्या टेंपोत फार वाईट वाटलं. या माणसाची मी इतकी वर्षं प्रेमानं थट्टा केली, आणि प्रेमानं करतो आहोत म्हणून दुसरं काही करायची गरजच वाटली नाही. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मी म्हटलं, "साडूभाऊ, ते पान एवढं लवकर कसं वाढता हो?" मी चेष्टा करतोय का, हे त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघून ताडून घेतलं. मग त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची जवळ ओढली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले. दहा मिनिटांनंतर मला त्यातलं एक अक्षर कळेना. पण मी उठलो नाही.