भैरू परटाचा पालथा धोंडा

“पालथा म्या न्हाई घातला, आज्यानं घातला. चित्राच्या अंगाला धुणं आपटून बघ की येकदा! नाकं, बोटं, तलवारी, समदं कापडात आडकतंय. धोतराच्या निस्त्या चिंध्या.”

भैरू परीट हे सांगत होता आणि गेनबा गुरव दोन्ही कानांवर हात ठेवून उभा होता. दोघांच्या मधे, पवनेच्या चिखलात, एक काळा धोंडा उताणा पडला होता. चार गडी पहारी लावून तो उलथत होते, तोवर साऱ्या गावाला तो भैरूचा धुण्याचा दगड म्हणूनच ठाऊक होता. उलथला तेव्हा खालच्या अंगाला कोरीव काम निघालं. तळाला गाई आणि ढाल-तलवारीचा एक गडी, मधे त्याच गड्याला उचलून नेणाऱ्या दोन बायका, वर महादेवाची पिंड.

“आरं, देव हाय त्यो!” गेनबा म्हणाला.

“देव त्यो वरचा, पिंडीचा. ह्यो मेलेला गडी हाय. गाईपायी भांडला आन् मेला. ठळक दिसतंय की.”

“आन् तुमी त्याच्यावर गावाची लंगोटं धुतलीत?”

“पाठीवर धुतली,” भैरू म्हणाला. “पोटाला हात लावला न्हाई.”

छप्पन सालच्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. आमची माळवाडी पिंपरीच्या वरच्या अंगाला, पवनेच्या काठी. गावचा माळ औषधांच्या कारखान्यासाठी मोजणीत गेला होता आणि जिथं भैरूचा घाट, तिथंच पाणी उपसायचं पंपघर बांधायचं ठरलं होतं. कारखान्याच्या साहेबानं त्याला घाट वर हलवायला सांगितलं. भैरूनं काही कुरकुर केली नाही. पाणी वरही तेच होतं. दगड मात्र त्याला हाच हवा होता, म्हणून तो उचलून वर न्यायला त्यानं गडी लावले होते. तीन पिढ्यांनी आपटून आपटून त्याची पाठ अशी गुळगुळीत केली होती की मलमल आपटली तरी सूत उसवत नसे. खाणीतला नवा दगड आणावा तर तो असा व्हायला माणसाचं निम्मं आयुष्य जातं, तोवर गिऱ्हाईक थांबत नाही.

भैरूला अक्षर येत नव्हतं. गावात काय काय आलं-गेलं ते त्याला कापडांवरून कळायचं. बाप सांगायचा, आधी गावात नुसती धोतरं, लुगडी आणि मुंडाशी. प्रत्येक घराची खूण बिब्ब्यानं काठाला घातलेली, कुणाची फुली, कुणाचे तीन ठिपके. सुगीला खळ्यावर बलुतं मिळायचं आणि वर्षभर धुणं चालायचं. लढाईच्या सालात देहूच्या छावणीतून खाकीचे गठ्ठे आले. ते धुताना भैरूच्या मनगटाला सूज यायची. लढाई संपली, खाकी आटली. मग पिंपरीला सिंधी लोकांची छावणी पडली आणि पायघोळ पायजमे यायला लागले. पहिल्यांदा रंभानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एक पायजमा उलगडून धरला आणि विचारलं, “आवं, ह्यात माणसं किती मावत्यात?” त्या लोकांनी खळ जास्त मागितली, निळीवरून घासाघीस केली, पण कापड वेळेवर दिलं आणि वेळेवर नेलं. भैरूचं त्यांच्याबद्दल एवढंच मत होतं आणि ते चांगलं होतं.

आता पांढरे कोट आले होते. कारखान्याच्या बंगल्यांतले साहेब ते घालून कामावर जात. सोमवारी गठ्ठा यायचा, शनिवारी पोचवायचा. ज्यांची शेतं माळाबरोबर गेली त्यांच्या खळ्यावरचं बलुतंही गेलं होतं, तेव्हा भैरूची चूल आता या कोटांवर होती. खडकीचे दोन परीट सायकली घेऊन बंगल्यांच्या फाटकाशी घिरट्या घालत होते, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. एक शनिवार चुकला की कोट खडकीला.

आणि नेमका सोमवारी धोंडा उलथला.

संध्याकाळपर्यंत गेनबानं त्याला तेल-शेंदूर फासला, नारळ फोडला. रात्री देवळात बैठक भरली. धोंडा वेशीत नेऊन बसवायचा, शुक्रवारी वाजतगाजत न्यायचा, असं ठरलं. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. भैरू खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, “मग मी कशावर धुऊ?”

“गावाला वीर सापडलाय आन् तुला धुण्याची पडलीय!” वरच्या आळीचे उद्धवराव म्हणाले. “दगडाला काय तोटा हाय? नदी भरलीय की दगडांनी.”

हेही खरं होतं. मंगळवारी भैरूनं नदीतला एक बरा दिसणारा दगड निवडला. आधी त्यावर आपलंच मुंडासं आपटलं, ते निभावलं. मग एक कोट घेतला. तिसऱ्या आपटीला खिसा उसवला आणि दोन गुंड्या फुटून पाण्यात गेल्या. रंभानं खिसा शिवला. टाके दिसत होते.

“साहेबाला सांगा, असाच आला व्हता,” ती म्हणाली.

“साहेब रोज घालतो त्यो. त्याला ठाव न्हाई व्हय?”

बुधवारी, गुरुवारी त्यांनी कोट नुसते सोड्यात भिजवले आणि हातानं चोळले. कॉलर पिवळीच राहिली. भट्टीत घातलेलं कापड दगडावर आपटल्याशिवाय मळ सोडत नाही, त्याला दुसरा इलाज नाही.

गावात मात्र एक वेगळीच हवा होती. मोजणीच्या वेळी साहेबांनी ज्याला त्याला विचारलं होतं, इथं कधीपासून राहता? कुणालाही धड सांगता आलं नव्हतं. आता सांगायला दगड मिळाला होता. वरची आळी म्हणायला लागली की हा आपला मूळपुरुष, गाई राखता राखता पडला. खालच्या आळीचे हिंदुराव पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, “वरच्या आळीत गाई कवा व्हत्या रं? तुमचा मूळपुरुष शेरडांमागं पळत व्हता. दगडावर शेरडू दाखवा, वीर तुमचा.” लोक हसले. उद्धवराव हसले नाहीत.

शुक्रवारी सकाळी ज्योतीरामच्या बैलगाडीत धोंडा चढवला. ताशा आला, हलगी आली, बायका पाण्याच्या घागरी घेऊन आल्या. आमच्या गावाची रीत अशी की देव निघाला की परटानं पायघड्या घालायच्या. पहिली पायघडी मानकऱ्याच्या उंबऱ्याशी पडते, तिच्यावरून चालत मानकरी देवाला सामोरा येतो, आणि मगच देव जागचा हलतो. भैरोबाच्या पालखीचा मान जुन्या काळी ठरलेला, एक साल वरची आळी, एक साल खालची. त्या रीतीनं भैरूलाही निरोप गेला होता. आपलाच दगड गाव घेऊन चाललंय आणि आपणच त्याच्यापुढं कापड अंथरायचं! रंभा म्हणाली, “जाऊ नगा.” तो म्हणाला, “रीत हाय,” आणि पायघड्यांची गुंडाळी काखेत मारून गेला.

गाडी तयार, ताशेवाला तयार. गेनबानं आरती केली आणि म्हणाला, “चल भैरू, टाक पायघडी.”

भैरूनं गुंडाळी जमिनीवर ठेवली. “कुणाच्या दारातनं टाकू?”

“म्हंजे?”

“मानकऱ्याच्या उंबऱ्यापासनं टाकायची ना? भैरोबाचं ठरल्यालं हाय. ह्या वीराचा मानकरी कोन? सांगा, त्याच्या दारात जातो.”

ताशा थांबला.

“आमच्या,” उद्धवराव आणि हिंदुराव एकदमच म्हणाले.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. आधी शेरडं निघाली, मग एकमेकांचे आजे निघाले, मग चाळीस वर्षांपूर्वीचा एक बांध निघाला. कुणी कुणाचं मुंडासं ओढलं. हिंदुरावांचं म्हणणं, एक साल तुम्ही, एक साल आम्ही. उद्धवरावांचं म्हणणं, बाप एक साल तुमचा आन् एक साल आमचा असतो का? ह्यावर खालची आळी हसली आणि मग कुणीच कुणाचं ऐकेना. बायका घागरी घेऊन परतल्या. दुपारपर्यंत एवढंच ठरलं की भाटाला बोलावून वंशावळ काढायची आणि तोवर धोंडा वेशीत न्यायचा नाही. उद्धवरावांनी त्याला हिंदुरावांच्या हद्दीत ठेवू दिला नाही, हिंदुरावांनी उद्धवरावांच्या.

ज्योतीराम गाडीवर बसून होता. त्याचे बैल सकाळपासून जुंपलेले. “तुमचा वीर उतरवा बाबांनो,” तो म्हणाला. “मला कारखान्यावर मुरूम टाकायचाय. माझी खेप बुडली.”

“नदीवर उतरव,” हिंदुराव म्हणाले. “नदी कुणाच्या बापाची न्हाई.”

“व्हय, तिथंच ऱ्हाऊ दे,” उद्धवराव म्हणाले. दिवसभरात दोघांचं तेवढंच एकमत झालं.

भैरूनं पायघड्या झटकल्या, काखेत मारल्या आणि गाडीपुढं चालायला लागला. मागून ज्योतीराम म्हणाला, “भैरू, लेका, इचारलंस मुद्दामच ना?”

“इचारावं लागतंच,” भैरू म्हणाला. “चुकीच्या दारात टाकली आसती तर शिव्या मलाच.”

ह्यापेक्षा जास्त त्यानं कधी सांगितलं नाही.

वरच्या बाजूला, नव्या घाटाशी, गाडी पाण्यात मागं घातली. बैल सोडले, जू उचललं आणि धोंडा घसरत गेला. खाली जाऊन एकदा कलंडला आणि पालथा बसला. कोरीव अंग मातीत, पाठ वर. गेनबा काठावर होता. त्यानं काही बोलायला तोंड उघडलं.

“उताणा करायचा आसंल तर पहार तिथं हाय,” भैरू म्हणाला. “तू लाव, मी धरतो.”

गेनबानं पहारीकडं पाहिलं, थंडगार पाण्याकडं पाहिलं. “भाट आल्यावर बघू,” म्हणाला आणि देवळाकडं गेला. भाट पुढं आला नाही. कुणी बोलावलाच नसावा.

ऊन कलायला लागलं होतं. गठ्ठ्यात वीस-बावीस कोट आणि मधे एक रात्र. रंभानं भट्टीवरचं मडकं उतरवलं. दगडाखालून शेंदराचं लालसर पाणी निघत होतं, ते खालच्या अंगाला वाहून जात होतं. भैरूनं ते पाहिलं आणि कोटांची टोपली उचलून वरच्या अंगाला ठेवली.

“हितनं इसळ,” तो म्हणाला. “खाली नगं, तांबडे व्हतील.”

मग त्यानं धोतर खोचलं, पहिला कोट पिळून दोन्ही हातांत धरला आणि दगडाच्या पाठीवर आपटला.