घरात माणसं किती

नागपूरला गेले की नातेवाईक विचारतात, "तू तिकडे नक्की काय करतेस?" मी सांगते की थंडीत घर गरम ठेवायच्या खर्चासाठी सरकारी मदत मिळू शकेल अशी कमी उत्पन्नाची घरं आमच्या राज्यात किती असतील, याचा अंदाज बांधते. यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अमेरिकेत कशाला लागते मदत?" आणि दुसरा, "नुसता अंदाज बांधायचा पगार देतात?" पहिल्याचं उत्तर मी समजावून सांगते. दुसऱ्यावर "देतात बाई" म्हणून चहा पिते.

काम ऐकायला वाटतं तितकं गहन नाही. सरकारी पाहणीत हजारो घरांची माहिती असते, घरात माणसं किती आणि सगळ्यांचं मिळून उत्पन्न किती. मदतीचा एक तक्ता असतो, इतकी माणसं असतील तर उत्पन्न इतक्याच्या आत हवं. दोन्ही शेजारी ठेवून काउंटीगणिक, म्हणजे इथल्या जिल्ह्यागणिक, आकडा काढायचा. कुठे किती निधी ठेवायचा, अर्ज घ्यायला किती माणसं बसवायची, हे त्यावरून ठरतं. दरवर्षी एक गोष्ट मात्र खटकायची. माझ्या आकड्यात पात्र घरं भरपूर, आणि प्रत्यक्ष मदत मिळालेली त्या मानाने थोडी. मधली घरं जातात कुठे? मी अहवालात एक ठरलेलं वाक्य टाकून मोकळी व्हायची, 'उर्वरित कुटुंबांपर्यंत योजनेची माहिती पोचलेली नसावी.' इतकी वर्षं वापरून मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

मग एका नोव्हेंबरात काकूंचा फोन आला.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला आलो तेव्हा आमच्या अपार्टमेंटच्या मागच्याच रस्त्यावर त्यांचं छोटं घर होतं, अजूनही आहे. काका एका छापखान्यात मशीनवर होते. काकू इंडियन ग्रोसरीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या. माझी मुलगी जानेवारीत झाली. नवरा कामासाठी दुसऱ्या राज्यात, आईचा व्हिसा अडकलेला, आणि बाळ पंधरा दिवसांचं असताना आमच्या बिल्डिंगचं हीटिंग बंद पडलं. मॅनेजर म्हणाला, उद्या बघतो. काकूंनी 'उद्या' ऐकून घेतलं नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळलं, मला बूट घालायला लावले आणि दोघींना घरी नेलं. पोचल्याबरोबर त्यांनी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा चढवला. "बाळंतिणीला ऊब लागते," एवढंच म्हणाल्या.

नऊ दिवस मी तिथे राहिले, अळिवाची खीर आणि शेपूची भाजी खात. घर इतकं गरम की काका बनियनवर वावरायचे. त्या महिन्याचं बिल या दोघांनी कसं भरलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. पुढे मी पोट भरायला लागले ते असल्याच बिलांवर, तरी आला नाही. याची मला लाज वाटते.

फोनवर काकू म्हणाल्या, "अगं, तू कागदांचं काम करतेस ना? एक पत्र आलंय. सवडीने ये, घाई नाही." काकूंचं 'घाई नाही' मी ओळखून आहे. शनिवारी सकाळीच गेले.

दार उघडलं तर काकूंच्या साडीवर दोन स्वेटर आणि वर शाल. काका सोफ्यावर, कानटोपी घालून. थर्मोस्टॅट अठ्ठावन्न फॅरनहाइटवर, म्हणजे जेमतेम चौदा सेल्सिअस. मी कोट काढायला घेतला आणि तसाच परत चढवला. काकांना आदल्या वर्षी न्यूमोनिया होऊन गेला होता, थंडी टाळा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोघांची मिळून पेन्शन बेताची. म्हणून काकूंनी कुणालाही न सांगता मदतीचा अर्ज केला होता, आणि पत्रात लिहिलं होतं, अर्ज नामंजूर, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

मी चिडले. हे घर माझ्या तक्त्यात डोळे मिटून पात्र ठरलं असतं. ज्या कुणी नामंजूर केलं त्याचा समाचार घ्यायच्या तयारीने मी अर्जाची प्रत मागितली. 'घरातील माणसं' या रकान्यात काकूंच्या टपोऱ्या अक्षरात पाच नावं होती. काका, काकू, मुलगा, सून, नात. मुलाच्या नावापुढे 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' आणि त्याचा वर्षाचा पगार, अगदी बोनससकट.

मुलगा नऊ वर्षांपासून नॉर्थ कॅरोलिनात, मॉरिसव्हिलला राहतो.

"काकू, हा इथे कुठे राहतो?"

"राहत नसेल, पण घरातलाच आहे ना? घरात माणसं किती, असं विचारलंय. आम्ही पाच."

"इथे फक्त या पत्त्यावर राहणारी माणसं लिहायची असतात."

"रेशन कार्डावर कसं असतं? आम्ही इकडे आलो तरी सासऱ्यांच्या कार्डावर आमची नावं होतीच की."

"आमच्या नावाची साखर कितीतरी वर्षं येत होती तिकडे," काका म्हणाले, हसले, आणि हसता हसता खोकायला लागले.

मी नवा अर्ज काढला. "सोपं आहे, काकू. ही तीन नावं काढली की झालं."

काकूंनी कागदावर हात ठेवला. "नाव कमी करतात ते माणूस गेल्यावर. नाहीतर मुलगा भांडून वेगळा निघाल्यावर. माझ्या पोराने काय केलंय गं?"

यावर मला गप्प बसता आलं असतं. पण काकांचा खोकला थांबत नव्हता आणि माझा राग नेहमीच जिभेच्या टोकावर असतो. "मग त्यालाच सांगा ना, बिल भर म्हणून," मी बोलून गेले.

"त्याला कळता कामा नये," काकू म्हणाल्या. "नवं घर घेतलंय त्याने. सूनबाईंची नोकरी गेलीय. त्यात आमचं कशाला?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचा नेहमीचा शनिवारचा व्हिडिओ कॉल. काकूंनी रिंग वाजू दिली. आधी शाल काढली, मग एक स्वेटर, मग दुसरा. काकांनी न सांगता कानटोपी उतरवून उशीखाली सरकवली. हे सगळं इतकं झटपट झालं की ते दर शनिवारी होत असणार, हे मला कळलं. मग काकूंनी फोन उचलला.

"हाय आजी! इज इट स्नोइंग देअर?" नातीने विचारलं.

"नाही गं सोन्या, छान ऊन पडलंय."

मागून मुलगा म्हणाला, "आई, हीट लावलीय ना? बाबांना कोल्ड सहन होत नाही."

"लावलीय रे. बघ ना, नुसत्या साडीवर बसलेय."

दहा मिनिटं त्या तशाच बसल्या, हसत. त्यांच्या दंडावर काटा आलेला मला दिसत होता, कॅमेऱ्याला दिसत नव्हता. फोन बंद झाल्यावर मी त्यांना स्वेटर घालून दिला. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू चिडतेसच, त्यात काय नवीन?"

मी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. असले अर्ज मी शेकड्यांनी पाहिले होते, वाचला असा हा पहिलाच. शेवटच्या पानावर, सहीच्या वर, एक ओळ होती. काही अडचण आली तर संपर्क कुणाशी साधायचा, नाव आणि फोन नंबर.

"काकू, हे बघा. इथे विचारलंय, तुम्हाला काही झालं तर पहिला फोन कुणाला करायचा."

काकूंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मग पेन घेतलं आणि मुलाचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. "सुनेचं लिहू?"

"लिहा."

"आणि नातीचं?"

"काकू, ती सात वर्षांची आहे."

"असू दे." तिन्ही नावं त्यांनी त्या एका ओळीत दाटीवाटीने बसवली. त्यानंतरच त्या पहिल्या पानाकडे वळल्या. माणसं किती, यापुढे त्यांनी दोनचा आकडा काढला, जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि अर्ज माझ्या हातात दिला.

त्या वर्षीच्या अहवालातून मी माझं लाडकं वाक्य काढून टाकलं. त्या जागी लिहिलं, की 'घरातलं माणूस' म्हणजे कोण हे सगळ्या घरांत एकसारखं नसतं, आणि काही पात्र घरं आपल्या प्रश्नातच हरवत असावीत. माझी बॉस हे वाचून थेट माझ्या टेबलाशी आली. मी सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, तिची आजीही दूर नोकरीला गेलेल्या मुलांची ताटं मांडायची. पुढच्या अर्जाबरोबर निरनिराळ्या भाषांत एक सूचना जोडायची असं ठरलं. मराठीतली मी लिहिली. 'लांब राहणाऱ्या मुलांची नावं शेवटच्या पानावर लिहा, इथे नकोत.' माझ्या इतक्या वर्षांच्या आकडेमोडीत कुणाच्या थेट उपयोगी पडलेलं हे एकच वाक्य असेल, आणि ते मला काकूंनी दिलं. त्यांचे उपकार मोजायला माझ्याकडे तक्ता नाही.

मंजुरीचं पत्र डिसेंबरात आलं. जानेवारीतल्या एका शनिवारी मी मुलीला घेऊन गेले. ती आता कॉलेजला जायच्या वयाची झालीय. दार उघडताच ऊब अंगावर आली. काका बनियनवर पेपर वाचत बसले होते. मी मुलीला म्हटलं, "तू पंधरा दिवसांची असताना इथेच झोपायचीस."

फोन वाजला. काकूंचा हात सवयीने खांद्याकडे गेला. तिथे शाल नव्हती.

"आई, हीट लावलीय ना?" मुलाने विचारलं.

"लावलीय रे," काकू म्हणाल्या.