माथेरानपर्यंत पोचलेली मुलाखत

पनवेलला नेरे गावाच्या बसथांब्यावर एक मुलगी रोज भेटायची. आयटीआयला फ्रिजदुरुस्ती शिकायची आणि थांब्यावर माणसं पकडायची.

"काका, ऐकता काय? कोन गावच्या कोल्ड स्टोरेजमधी नोकरीची मुलाखत हाय, इंग्रजीत. आयटीआयच्या मॅडम बोलल्या, एकच काम रोज नव्या मानसाला समजव. ऐकनारा बदलला का बोलनं सुधारतं."

मग फ्रिज गार का होत नाही, हे हात उडवत इंग्रजीत सुरू. पहिल्यांदा ती इतकी अडखळली, की ऐकता ऐकता माझी दाढी वाढली. पुढे थांब्यावरच्या कुत्र्यालासुद्धा कॉम्प्रेसर समजला. गाड्यांचा गोंगाट वाढला की तिचा आवाज त्याच्याही वर चढायचा, थेट माथेरानला ऐकू जायचा.

मुलाखतीहून आली ती कपाळाला हात लावून.

"काका, घोटाला झाला. शांत खोलीत मी थांब्यासारखीच ओरडले. साहेबांनी कानावर हात ठेवले."

"मग?"

"मंग बोलले, आमच्या मशिनींच्या आवाजात ऐकू येईल असं मानूस आज पयल्यांदा आलं. सोमवारपासून ये."

हे तिने मला अगदी कानात सांगितलं. तिकडे माथेरानला लोकांनी टाळ्या वाजवल्या.