दळवींची दोन माणसांची गाडी

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत नव्याने राहायला येणाऱ्यांची ओळख आधी दळवींच्या पायांशी होत असे. कंपाउंडच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडखाली एक बुटकी लाल गाडी उभी असायची आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असायचे. तन्वी, तू तीन वर्षांची असताना त्या पायांना गुदगुल्या केल्या होत्यास. खालून आवाज आला, "कोण गो तां? तो पानो दी बघू!" आणि तू खरंच पाना दिलास. तुला आणि ईशानला, माझ्या दोघा नातवंडांना, तो माणूस आठवत नसणार, म्हणून लिहून ठेवते आहे.

दळवी मूळचे मालवणकडचे. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते टर्नर होते; लेथवर धातूचे सुटे भाग कातायचे. कारखाना बंद झाला तेव्हा शेठने जुन्या कामगारांना आठवण म्हणून एकेक वस्तू न्यायला सांगितली. कुणी ड्रिल मशीन नेलं, कुणी भिंतीवरचं घड्याळ. दळवींनी शेठच्या वडिलांची विलायती स्पोर्ट्स कार मागितली. दोनच सीट, छप्पर नाही, इंजिन कित्येक वर्षं बंद. तसल्या गाड्या मुळातच थोड्या बनल्या होत्या आणि आपल्या देशात ही एकच असावी, असं ते सांगत. टेम्पोतून ती उतरली तेव्हा त्यांच्या पत्नी मालतीबाई गॅलरीतून म्हणाल्या, "सीट दोन, आणि त्यातला एक माणूस कायम खाली झोपणार!"

दर दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार आणि चाकांखाली लिंबं. बाकीच्यांच्या गाड्या लिंबं चिरडत ऐटीत पुढे जात. दळवींची आम्ही सगळे ढकलायचो. कुणीतरी हमखास म्हणे, "काय दळवी, यंदा पण धक्का स्टार्ट?"

"धक्का आहे, स्टार्ट नाही," ते म्हणत. "पण होतली चालू. होतली!"

आता माझी चूक सांगते. मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. दिवाळीआधी जिना मोकळा करायची नोटीस मी दोनदा लावली. दळवींच्या दाराबाहेरचा बिस्किटांचा गंजका डबा काही हलला नाही. मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. त्या डब्यात जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला गाडीचा कार्ब्युरेटर होता. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा तो भाग. त्याच्यावाचून गाडी म्हणजे नुसता पत्रा. मी आणि दळवी धावत भंगाराच्या दुकानात पोहोचलो तोवर घणाने त्याचे तुकडे करून पितळ वेगळं, अ‍ॅल्युमिनियम वेगळं झालं होतं.

परतताना दळवी म्हणाले, "नोटीस वाचली होती मी, वहिनी. तेव्हा रडगाणं नको. इंग्रजी तुमचं, हात माझे. नवा करूया."

त्याच सुमारास सोसायटीचा पुनर्विकास ठरला. पुढच्या दसऱ्यानंतर सगळ्यांनी जागा सोडायची होती. बिल्डरचा माणूस गाडी बघून म्हणाला, "काका, हिला क्रेनने उचलू."

"क्रेनने मढं उचलतात," दळवी म्हणाले. "ही गेटातून स्वतः जाईल."

मग जुन्या गाड्यांचे जुहूचे एक संग्राहक आले. चांगले गृहस्थ होते. गाडीभोवती तीनदा फिरले, बॉनेटवरून हात फिरवला. म्हणाले, "काका, मला द्या. माझ्याकडे अशा जुन्या बारा गाड्या आहेत, मेकॅनिक आहेत, पार्ट बाहेरून मागवतो." मला वाटलं, बरं झालं, माझी चूक झाकली जाईल. मी दळवींना तसं सुचवलंही. ते माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षं मी एकसारखे नग पाडले. एक नग दुसऱ्यापेक्षा केसभर वेगळा निघाला की फेकून द्यायचा. आयुष्यात एक तरी वस्तू अशी पायजे ना, जिला जोडच नाही? तुमच्याकडे ही तेरावी. माझ्याकडे पहिली."

मी परदेशातल्या अशा गाड्यांच्या हौशी मालकांना ईमेल लिहू लागले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. इंग्लंडमधल्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र आपल्या गाडीचा कार्ब्युरेटर सोडवून प्रत्येक माप घेतलं आणि आराखडा काढून पाठवला. मी त्यावरचं इंग्रजी मराठीत उतरवलं, इंचांचे मिलिमीटर केले. दळवी अंधेरीला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये रोज जाऊ लागले. प्रत्येक प्रयत्नाची नोंद मी वहीत ठेवत असे. पहिला गळला. दुसऱ्याला तडा गेला. चौथा बसला, पण इंजिन नुसतं खोकलं. पाचव्याच्या वेळी मालतीबाई वैतागल्या, "अहो, वय बघा!" दळवी म्हणाले, "तिचं बघतोय ना."

सातवा नवरात्रात बसला.

दसऱ्याला हार घातला, लिंबं ठेवली. सवयीने आम्ही सगळे मागे हात लावून उभे राहिलो. दळवी ओरडले, "हात काढा! कोणी शिवायचं नाही!" मालतीबाईंना त्यांनी शेजारी बसवलं. पहिल्यांदा नुसता धूर आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा असा आवाज फुटला की पारिजातकावरचे कावळे उडाले. लिंबं चिरडली गेली, गाडी गेटातून बाहेर पडली आणि दहिसरला भाड्याने घेतलेल्या शेडपर्यंत कुठेही न थांबता गेली. मालतीबाईंचा पदर मागे उडत होता. "हळू हो, हळू!" म्हणत होत्या आणि हसत होत्या.

गेल्या वर्षी दळवी गेले. गाडी त्यांची मुलगी चालवते. दसऱ्याला ती आणि मालतीबाई आम्हां जुन्या शेजाऱ्यांना भेटायला त्याच गाडीतून येतात.

तेराव्यानंतर मालतीबाईंनी मला एक बिस्किटांचा डबा आणून दिला. आत साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक कार्ब्युरेटर होता, आठवा. माझ्या वहीत त्याची नोंद नाही. मला न सांगताच दळवींनी तो केला होता. झाकणावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: "वहिनी, हा स्पेअर. तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही आता फेकणार नाही."