मचाणावरची नक्कल

हुरडा भाजल्याचा वास आला की मला शिरड शहापूरचं एक शेत आठवतं. आमच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांचं मंडळ होतं, आणि त्यातले जुने सदस्य मंडळातल्या पोरांना विमान कंपनीत लावून देत. मी मंडळात होतो. संस्थेतच शिकणाऱ्या माझ्या गावच्या मित्रालाही मंडळात यायचं होतं, म्हणून त्यानं सगळ्यांना आपल्या शेतावर हुरड्याला बोलावलं. सीनियरांनी त्याला पाखरं राखायच्या मचाणावर चढवलं. "कॅप्टन, टॉवरला विचारा, उतरू का?" तो इंग्रजीत परवानगी मागू लागला, आणि मी खालून त्याच्या गावाकडच्या उच्चारांची हुबेहूब नक्कल केली. सगळे लोळून हसले. आगटीपाशी हुरडा भाजत बसलेली त्याची आईही हसली. "काय करून राहिलं माझं लेकरू?" तिनं मला विचारलं. "इमान उतरवून राहिलंय, काकू." "बराबर उतरवलं का मग?" "न्हाई, आपटलं," मी म्हणालो. त्याला मंडळात घेतलं नाही. पुढे विमानातून टॉवरशी बोलताना रेडिओवर त्याचा आवाजच फुटेना, आणि त्यानं प्रशिक्षण सोडलं. मला नोकरी मंडळामुळेच लागली. मंडळाचा फायदा होतो का, असं आता पोरं विचारतात. होतो, असं मी सांगतो, आणि ते खरंच आहे. ते उच्चार मला इतके हुबेहूब जमले कारण ते माझेच होते, एवढं मात्र सांगत नाही.